मंद्र सा कुठे गेला? : क्लॅरिनेटवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्तो (म्हणजे एकट्या क्लॅरिनेटने ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना) आपण पुस्तकात बघून वाजवतो तसा तो मुळात लिहिलेलाच नाही, आणि मूळ प्रत हरवलीय. पुढे दुसऱ्याच विषयावर गेलो. त्यावर इतके मेल आले की या महिन्यात दुसरं काही घेताच येत नाहीये. रीड कुठली घ्यावी, पॅड कुणाकडे बदलावेत वगैरे विचारणाऱ्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत धीर धरा.

प्रश्न (ठाणे) : सर नमस्कार. मुलगी नववीत आहे, चार वर्षं क्लॅरिनेट शिकतेय आणि आता मोझार्टचा कॉन्चेर्तो सुरू केलाय. तिच्या पुस्तकात काही ठिकाणी सूर खाली खाली येतात आणि मधेच एकदम वर उडी मारतात. यूट्यूबवर साबिने मायर यांचं ऐकलं तर त्या उडी मारतच नाहीत, सरळ खाली जातात आणि असा एक जाड सूर लावतात जो आमच्या क्लॅरिनेटवर निघतच नाही. आम्ही वाद्य सेकंडहँड घेतलंय. त्यात काही कीज कमी आहेत का? दुकानदाराने फसवलं का आम्हाला?

उत्तर : ताई, दुकानदाराला शिव्या घालू नका, त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. तुमचं क्लॅरिनेट पूर्ण आहे, पुस्तक चुकीचं छापलेलं नाही आणि मायरबाईही बरोबर वाजवतायत. फरक त्यांच्या हातातल्या वाद्यात आहे. त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. दिसायला आपल्यासारखंच काळं, चकचकीत कीजचं, फक्त खालच्या बाजूला वीतभर जास्त लांब. व्हिडिओ थांबवून बघा, बेल, म्हणजे खालचं पसरट तोंड, जवळजवळ गुडघ्यापर्यंत आलेली दिसेल.

नोटेशनच्या भाषेत सांगितलं तर डोक्यावरून जाईल, म्हणून सरगममध्ये सांगतो. क्लॅरिनेटवाला पानावर जो सी वाचतो तो त्याचा सा समजा. ए क्लॅरिनेटवर हा सा पेटीच्या पांढरी सहाला निघतो आणि बी फ्लॅटवर काळी पाचला. पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांत ट्रान्सपोजिंग वाद्य म्हणून याचं केवढं प्रकरण केलेलं असतं, पण आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही, आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतोच. आता या मध्य सा पासून खाली उतरा. नी, ध, प, म, ग. आणि संपलं! मंद्रातल्या शुद्ध ग ला साध्या क्लॅरिनेटची सगळी भोकं बंद झालेली असतात, त्याखाली जायला नळीच उरत नाही. बॅसेट क्लॅरिनेटला त्या ग च्या खाली आणखी चार स्वर आहेत : कोमल ग, रे, कोमल रे आणि मंद्र सा.

हा कॉन्चेर्तो ए मेजरमध्ये आहे आणि ए क्लॅरिनेटसाठी आहे, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या भागात वाजवणाऱ्याचा सा आणि त्या संगीताचा सा एकच. आता एखाद्या गायकाचा मंद्र सा कुणी कापून टाकलाय असं समजा, तान सा प ग करत खाली आली आणि ग ला जमीनच संपली, टेकायचं तर सा वर आहे पण तो खाली नाहीच, मग बिचारा काय करणार, एक सप्तक वर उडी मारून तिथल्या सा वर टेकणार. तुमच्या मुलीच्या पुस्तकातली उडी ती ही. तिचं बोट चुकत नाहीये, मोझार्टलाही तिथे झटका आला नव्हता. छापणाऱ्यांनी साध्या क्लॅरिनेटवर वाजावं म्हणून तेवढा तुकडा उचलून वर ठेवलाय.

घरात पेटी असेल तर एक करा. पांढरी सहा सा धरून तिला सा प ग सा असं सरळ मंद्रात उतरत वाजवून दाखवा, आणि मग तेच सा प ग पर्यंत उतरून शेवटचा सा वरचा घ्या. दोनदा ऐकलं की पुन्हा सांगावं लागणार नाही. बाकी कॉन्चेर्तोच्या मुख्य चाली, विशेषतः दुसऱ्या भागातली ती संथ चाल जी सगळ्यांना माहीत असते, त्या वरच्या वर असल्यामुळे दोन्ही वाद्यांवर जशाच्या तशा आहेत. तेव्हा मुलीने शिकलेलं फुकट जाणार नाही.

प्रश्न (पुणे) : मी मूळचा ख्याल ऐकणारा माणूस, पाश्चात्त्य संगीत निवृत्तीनंतर ऐकायला लागलो. तुम्ही म्हणता मूळ प्रत हरवली. मग मोझार्टने खालचे स्वर लिहिले होते हे कुणी पाहिलं? आपल्याकडे बंदिशीत कुणी स्वतःच्या मनाने जागा घातल्या आणि वर ‘हेच मूळ’ म्हणाला तर आपण त्याला उभं करू का?

उत्तर : काका, प्रश्न एकदम खणखणीत आहे आणि त्याचं उत्तर मोठं आहे, चहा घेऊन बसा.

अँटोन श्टाडलर नावाचा क्लॅरिनेटवाला व्हिएन्नाच्या दरबारी ऑर्केस्ट्रात होता. त्याचा धाकटा भाऊ योहानही तिथेच. गंमत म्हणजे थोरला असून अँटोन दुसरं क्लॅरिनेट वाजवायचा, म्हणजे खालची बाजू, कारण त्याला मंद्रातच रस होता. तिथल्या दरबारी वाद्यकार थिओडोर लोट्झने त्याच्यासाठी नवीन वाद्य केलं. २० फेब्रुवारी १७८८ ला व्हिएन्नात श्टाडलरने ते वाजवलं, आणि त्या जलशाच्या जाहिरातीत चक्क लिहिलं होतं की या वाद्याला नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा खाली दोन स्वर जास्त आहेत. मधले कोमल स्वर नंतर आले. आज आपण त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतो पण ते नाव विसाव्या शतकातलं, तेव्हा त्याला नुसतं बेस क्लॅरिनेट म्हणायचे आणि त्यामुळे पुढच्या लोकांचा भरपूर गोंधळ झाला.

मोझार्टची आणि श्टाडलरची मैत्री होती. मैत्री म्हणजे कशी, तर मोझार्ट गेला तेव्हा श्टाडलरकडून त्याचं ५०० गुल्डन येणं होतं आणि घरच्यांनी ते बुडीत खात्यात दाखवलं, तशी! १७८९ मध्ये मोझार्टने त्याच्यासाठी क्लॅरिनेट क्विंटेट (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं) लिहिलं, तेही याच लांब वाद्यासाठी. १७९१ च्या सप्टेंबरमध्ये प्रागला ‘ला क्लेमेंझा दी तितो’ हा ऑपेरा झाला, त्यातल्या एका आरियात, म्हणजे एकल गाण्यात, गाणाऱ्याच्या जोडीला श्टाडलरचं बॅसेट क्लॅरिनेट आहे आणि दुसऱ्या एकात बॅसेट हॉर्न (हे मोठं क्लॅरिनेटच, त्याबद्दल पुढे सांगतो). आणि मग हा कॉन्चेर्तो. ऑक्टोबर १७९१ मध्ये मोझार्टने बायकोला पत्र लिहिलंय, त्यात तो सांगतो की काळी कॉफी मागवली, मस्त पाइप ओढला आणि श्टाडलरच्या रोंडोचं, म्हणजे कॉन्चेर्तोच्या शेवटच्या भागाचं, जवळजवळ सगळं ऑर्केस्ट्रेशन उरकलं. ५ डिसेंबरला तो गेला. पस्तीस वर्षांचा होता.

आता हरवण्याची गोष्ट. १८०० मध्ये मोझार्टची बायको कोन्स्टान्झ आंद्रे नावाच्या प्रकाशकाला लिहिते की श्टाडलरकडे चौकशी करा, तो म्हणतो की जर्मनीत असताना कागदपत्रांची पेटी चोरीला गेली, पण दुसरे लोक मला सांगतात की ती चोरीबिरी काही नाही, पेटी ७३ डुकाटला गहाण पडलीय. त्या पेटीत कॉन्चेर्तोही होता असं धरून चालतात. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर आली म्हणतात, ही पेटी काही वर आली नाही.

१८०१ च्या सुमारास तीन प्रकाशकांनी कॉन्चेर्तो छापला आणि तिघांनीही साध्या क्लॅरिनेटसाठी. बरं, त्यांच्यावर रागवून उपयोग नाही, श्टाडलरसारखं वाद्य गावात कुणाकडे होतं? आणि इथे तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर येतं. १८०२ मध्ये लाइप्झिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात या छापील प्रतीचं परीक्षण आलं. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, पण त्याने मूळ रचना पाहिलेली होती हे उघड आहे, कारण तो म्हणतो की मोझार्टने हे खालच्या सी पर्यंत जाणाऱ्या क्लॅरिनेटसाठी लिहिलंय, आणि कुठल्या जागा वर उचलल्यात याची उदाहरणं नोटेशनसकट देतो. वर असंही सुचवतो की मूळ छापून बदललेले स्वर बारीक टाइपात दिले असते तर चाललं असतं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एवढी अक्कल कुणीतरी शिकवून ठेवलीय आणि तरी दीडशे वर्षं कुणी तिकडे बघितलं नाही!

दुसरा पुरावा मोझार्टच्या स्वतःच्या हातचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला त्याच्या हातचे काही कागद आहेत, १९९ मात्रागटांचे, म्हणजे ज्याला ते लोक बार म्हणतात. याच कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागाचा पहिला खर्डा, पण जी (G) पट्टीतल्या बॅसेट हॉर्नसाठी. पूर्ण पहिला भाग ३५९ बारचा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यात सूर मंद्र सा पर्यंत जातात, उड्या नाहीत. तिसरी गोष्ट नुसती कानाची आहे. छापील प्रतीत जिथे चाल विनाकारण मधेच तुटून वर जाते तिथे ती एक सप्तक खाली ठेवून बघा, नव्वद टक्के वेळा कुलूप-किल्लीसारखी बसते.

राहिलेले दहा टक्के मात्र अंदाज आहे, आणि इथे तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा मोझार्टच्या हातचा कागद नाही. आज छापून मिळतं ते पुनर्रचित रूप आहे. बेरेनरायटर या प्रकाशकाने मोझार्टचं जे समग्र संशोधित संगीत काढलं त्यात १९७७ मध्ये हा कॉन्चेर्तो आला, आणि त्यात बॅसेट क्लॅरिनेटसाठीची पुनर्रचना आणि जुनी रूढ प्रत दोन्ही दिल्यात. चांगला बॅसेट वाजवणारा याच्यातही दोन-चार जागा स्वतःच्या विचाराने बदलतो, एरिक होप्रिखचं वेगळं ऐकू येतं, मार्टिन फ्रोस्टचं वेगळं. तेव्हा कुणी ‘हेच मूळ’ म्हणून छातीठोक सांगितलं तर त्याला जरूर उभं करा. ‘हे मूळच्या जास्त जवळ’ म्हणाला तर खुर्ची द्या.

आणि त्या वाद्याचं काय झालं? श्टाडलर ते घेऊन युरोपभर हिंडला. १७९४ मध्ये रीगाला त्याने कार्यक्रम केले, त्याच्या छापील पत्रिकांवर वाद्याचं चित्र होतं, आणि त्या पत्रिका थेट १९९० च्या दशकात एका संशोधक बाईंना सापडल्या. तोपर्यंत लोक लांब सरळ नळीच डोळ्यांसमोर आणत होते. चित्रात बघावं तर खालचं टोक काटकोनात वळलेलं आणि त्याला कांद्यासारखी गोल बेल! आता जुन्या पद्धतीची वाद्यं बनवणारे तशी बनवतात.

प्रश्न (वसई) : दादा, मी आमच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, लग्न, सण, मिरवणूक सगळं. माझ्याकडे बी फ्लॅट आहे, मेरठचं. बेलमध्ये पाइप घालून खालचा सूर काढता येईल का? एका जुन्या वादकाने केलेलं मी लहानपणी पाहिलंय पण त्यांना विचारायचं राहून गेलं.

उत्तर : येतं की! तुमच्या त्या जुन्या वादकाला माझा नमस्कार, ही युक्ती जगभरचे क्लॅरिनेटवाले वापरतात.

करून बघायचं असेल तर असं करा. जाडसर कागद, कॅलेंडरचं पान उत्तम, गुंडाळून नळी करा, ती बेलमधून आत खालच्या जॉइंटच्या तोंडापर्यंत घट्ट बसली पाहिजे, नाहीतर हवा बाजूने निसटते आणि सूर फुसका येतो. आता सगळी भोकं बंद करून ग वाजवा. ग ऐवजी सूर खाली येईल. नळी बाहेर ओढा, आत ढकला, मोबाइलवर ट्यूनर लावून बघा, कोमल ग ला काटा आला की टेप लावा.

आता हिशोब. क्लॅरिनेट म्हणजे एका टोकाला बंद अशी सरळ नळी, तिच्यात सुराची लांबी चारने भागून येते. तुमच्या बी फ्लॅटवरचा ग म्हणजे सेकंदाला साधारण १४७ कंपनं, त्याला हवेचा स्तंभ लागतो ५८ सेंटिमीटरचा. कोमल ग ला लागतो ६२, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची वाढ. सा पर्यंत जायचं तर ७३-७४ पाहिजे, म्हणजे १५ सेंटिमीटरची वाढ. ए क्लॅरिनेटला तीच १६ च्या आसपास येते. वर ठाण्याच्या ताईंना मी वीतभर म्हणालो ते उगाच नाही.

पण दादा, खरी अडचण पुढेच आहे. नळी घातली की कोमल ग मिळतो आणि शुद्ध ग जातो. कारण भोकं तेवढीच आहेत, तुम्ही फक्त नळीचं शेवटचं टोक लांबवलंत. १५ सेंटिमीटरची नळी घातली तर मंद्र सा येईल, आणि त्याच्या वर थेट म! मधले रे-ग गायब. शिवाय वरचा एक सूरही बिघडतो. बासरीत किंवा सनईत जोरात फुंकलं की तोच स्वर तार सप्तकात मिळतो, क्लॅरिनेटमध्ये तसं नाही, रजिस्टर की दाबली की तो स्वर धरून मोजलं तर वरचा बारावा स्वर येतो, मंद्र ग चा मध्य सप्तकातला नी होतो. ग उतरला की हा नीही त्याच्याबरोबर उतरणार. तेव्हा चालीत शेवटी एकच खालचा सूर लांब धरायचा असेल आणि बाकी कुठे ग-नी लागत नसेल तर कागदी नळी जिंदाबाद, पण मोझार्ट त्यावर होणार नाही. ते मधले स्वर मिळवायचे तर वाढवलेल्या नळीला भोकं पाडून त्यावर कीज बसवाव्या लागतात, आणि लोट्झने तेच केलं.

इटलीत एक प्रकार चालायचा, फुल बोएम म्हणतात त्याला, बी फ्लॅट क्लॅरिनेटलाच खाली एक की जास्त देऊन कोमल ग काढायचा. कशासाठी, तर मग ए क्लॅरिनेट बरोबर न्यायलाच नको, ए चं सगळं बी फ्लॅटवर अर्धी पायरी खाली वाचून वाजवायचं. ऑपेराच्या खड्ड्यात दोन-दोन क्लॅरिनेटं गार पडत बसण्यापेक्षा हे बरं, असा तो हिशोब.

आणि कॉन्चेर्तो तुम्हाला बी फ्लॅटवर वाजवायचा असेल तर मूळ पट्टी धरू नका, पानावर पाच शार्प येतील आणि जीव जाईल. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि पियानोसाठी पट्टी बदलून छापलेल्या प्रती मिळतात, त्या घ्या. बोटं तीच राहतात, सगळंच अर्धी पायरी वर वाजतं.

प्रश्न (नाशिक) : बॅसेट क्लॅरिनेट, बॅसेट हॉर्न आणि बेस क्लॅरिनेट एकच का?

उत्तर : नाही. बॅसेट क्लॅरिनेट म्हणजे आपलंच ए क्लॅरिनेट, खाली सा पर्यंत वाढवलेलं. बॅसेट हॉर्न त्याहून मोठं आणि बहुतेक एफ मधलं, म्हणजे त्याचा सा पांढरी चारला, वर धातूची वाकडी मान आणि आवाज जरासा गाळीव, हुरहूर लावणारा. नावात हॉर्न असलं तरी शिंगाशी संबंध नाही, ते क्लॅरिनेटच. बेस क्लॅरिनेट साध्या बी फ्लॅटच्या एक सप्तक खाली, जमिनीवर टेकवून वाजवतात. तिथेही हाच खालच्या सुरांचा घोळ आहे बरं का. काही बेस क्लॅरिनेटं कोमल ग ला थांबतात आणि काही सा पर्यंत जातात, आणि शोस्ताकोविचसारख्या रशियन रचनाकारांनी खालपर्यंत लिहून ठेवलंय, त्यामुळे ऑर्केस्ट्रातल्या नोकरीसाठी लांबचंच घ्यावं लागतं.

प्रश्न (जर्मनीतून) : मी सांगलीचा, इथे इंजिनिअर आहे आणि हौशी ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवतो. आमचे कंडक्टर म्हणतायत की पुढच्या वर्षी तू कॉन्चेर्तो वाजव आणि ओळखीच्या एकाचं बॅसेट क्लॅरिनेट तीन महिन्यांसाठी मिळू शकतं. घ्यावं का? तीन महिन्यांत होतं का? काही अनुभव असेल तर सांगा.

उत्तर : घ्या, अहो विचारताय काय! विकत घ्या म्हणून मी कुणाला सांगणार नाही, एका कॉन्चेर्तोसाठी आणि एका क्विंटेटसाठी कोण एवढे पैसे घालेल, पण फुकट मिळतंय तर सोडू नका. फक्त आधी माझी फजिती ऐका.

मला एकदा असंच उसनं मिळालं होतं, दहाच दिवसांसाठी. मला वाटलं आपल्याला वाजवता येतं, चार की जास्त असल्या तर असू देत. पहिल्या दिवशी कळलं की प्रश्न बोटांचा नाहीच, उजव्या अंगठ्याचा आहे. साध्या क्लॅरिनेटवर उजवा अंगठा काय करतो? हमाली. सगळं वजन त्याच्यावर, बाकी काम शून्य, आयुष्यभर. आता त्याच अंगठ्याला सांगायचं की बाबा रे, वजनही तूच धर आणि खालच्या कीजपण तूच दाब. माझ्या हातातल्या वाद्यावर रे आणि सा दोन्ही अंगठ्यावर होते, दुसऱ्या कंपनीत करंगळीकडे असतात, प्रत्येकाची मांडणी वेगळी. अंगठा उचलला की वाद्य घसरायचं, वाद्य घसरलं की दातांखालचा माउथपीस हलायचा आणि चीं! चौथ्या दिवशी गळ्यात पट्टा अडकवला, सॅक्सोफोनवाल्यांसारखा. थोडं लाजल्यासारखं झालं पण अंगठा मोकळा झाला. तेव्हा पहिल्या दिवसापासून पट्टा लावा, लाजू नका.

आणि मग कार्यक्रमात काय झालं, तर सगळा रियाज खालच्या जागांचा केलेला, त्या छान आल्या, आणि एका सोप्या जागी जिथे पुस्तकातली जुनी उडी माझ्या बोटांत वीस वर्षं मुरलेली होती तिथे मी सवयीने वर उडी मारली. पियानोवाल्याने माझ्याकडे बघितलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही, त्यांना जुनीच प्रत माहीत! तेव्हा तीन महिन्यांतला पहिला महिना विसरण्यात घालवा. जुनी प्रत शेल्फवर टाका, नवीन प्रतीत बदललेल्या जागांना पेन्सिलने रेघ मारा आणि रोज आधी त्याच जागा, फार हळू, अंगठ्याकडे बघत.

दुसरं म्हणजे सूर. साध्या क्लॅरिनेटवर मंद्र ग थेट बेलमधून बाहेर पडतो. लांब वाद्यावर त्याच ग साठी बाजूला भोक आहे आणि त्याखाली अजून नळी आहे, म्हणून त्याचा ग आणि वरचा नी दोन्ही तुम्हाला परके वाटतील, रंगातही आणि सुरातही. ट्यूनर लावून हे दोन आधी तपासा. खालचे चार स्वर म्हणाल तर ते निघायला अवघड नाहीत, उलट जबडा सैल सोडला तर आपोआप बोलतात. नवशिक्या घाबरून ओठ आवळतो आणि मग सूर फुटतो. श्वास मात्र जास्त जातो, तेव्हा श्वासाच्या जागा नव्याने ठरवा.

आणि एक, बसून रियाज करताना बेल खुर्चीच्या कडेला आपटते. मी आपटलीय. उसनं वाद्य होतं, त्यामुळे त्या आवाजाने काळजात काय झालं ते विचारू नका.

प्रश्न (मडगाव) : आमच्याकडे चर्चच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम आहे, पियानोबरोबर पहिला भाग वाजवायचाय. बॅसेट मिळायचा प्रश्नच नाही, साधं ए क्लॅरिनेटसुद्धा सरांचं उसनं आणलंय. हे सगळं वाचल्यावर जुनी प्रत वाजवायला आता कसंतरी वाटतं. काय करू?

उत्तर : बिनधास्त वाजवा. जॅक ब्रायमर, कार्ल लाइस्टर यांच्यासारख्यांनी साध्या क्लॅरिनेटवरच हा कॉन्चेर्तो गाजवलाय, आणि ती रेकॉर्डिंग्ज ऐकताना कुणाला मंद्र सा ची आठवण येत नाही. मला तर काही वेळा उलटं वाटतं, काही नवीन लोक खालचा सा आला की तो असा जोरात लावतात जणू काही पावती फाडून दाखवतायत की बघा, आमचं वाद्य लांब आहे. सा ला एवढं भाषण लागत नाही.

तुम्ही एवढंच करा. जिथे उडी आहे तिथे मूळ प्रतीत काय असावं ते एकदा बघून घ्या, सरांकडे नवीन आवृत्ती नसेल तर ग्रंथालयात शोधा. मग उडीच्या आधीच्या सुरावर जोर देऊन ती आपटू नका, चाल खाली चाललीय असंच मनात धरून वरचा सा हलका घ्या, म्हणजे ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटत नाही. आणि एक-दोन ठिकाणी उडी फारच कुरूप वाटली तर अख्खा तुकडाच वरून सुरू करा, मधे तोडण्यापेक्षा. छापणाऱ्यांनीही शेवटी अंदाजच केला होता, तुमचा त्यांच्याहून वाईट असेलच असं नाही, फक्त सरांना आधी वाजवून दाखवा, आणि पियानोवाल्याला सांगून ठेवा.

सरांचं क्लॅरिनेट हॉलवर नेल्यावर लगेच वाजवू नका, समुद्राकाठच्या दमट हवेत आणि मग पंख्याखाली वाद्य एकदम बदलतं. अर्धा तास आधी केस उघडून ठेवा, कॉर्कला ग्रीस लावा, आणि रीड दोन तरी भिजवून तयार ठेवा.